लेवी स्ट्राउस व तांब्याच्या रिवेटांची विजार

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की पालकांची एक ठरलेली तक्रार आमच्या कानी येते. मुलाची विजार टिकत नाही. दिवाळीत हौसेने घेतलेली विजार होळीच्या आतच खिशाच्या कोपऱ्यात उसवते, मग बैठकीच्या जागी विरते, आणि शेवटी गुडघ्यावर जाते. कंबरेस बरोबर यावी तर पायांत आखूड होते. पायांत नीट यावी तर कंबरेस चार बोटे सैल राहते. ही तक्रार आम्ही मुकाट्याने ऐकून घेतो. कारण आमच्या विद्यार्थिदशेत गोट्या, चिंचोके व कच्चे पेरू ह्यांच्या भाराने आम्ही किती खिसे फाडले, व आमच्या मातोश्रींनी दिव्याच्या उजेडात ते किती वेळा शिवले, ह्याचा हिशेब आम्हांस पक्का आठवतो.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी मात्र निराळाच प्रसंग घडला. एका विद्यार्थ्याचे आजोबा खेड्याहून आले होते. नातवाच्या अंगावरील नवी कोरी जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली पाहून, दुकानदाराने मुलास फसविले की काय, असे त्यांनी आम्हांस मोठ्या काळजीने विचारले. ती तशीच फाटकी विकत मिळते, व धडकीहून अधिक दामास मिळते, हे त्यांस समजावून सांगताना आमची बरीच तारांबळ उडाली. त्यांचे समाधान झाले असे आम्हांस वाटत नाही. परंतु ही विजार मुळात न फाटण्यासाठीच निर्माण झाली होती ही गोष्ट तेव्हा आम्हांस प्रकर्षाने आठवली. आणि तिच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या लेवी स्ट्राउस ह्यांचे चरित्र ह्या वर्षीच्या अंकात सांगावे असे मनाने घेतले. इंग्रजी बोलणारे लोक ह्या नावाचा उच्चार लीवाय असा करतात, व दुकानांवरील पाट्यांवर तोच दिसतो. आमच्या मराठी शास्त्रात याकोबाच्या ह्या मुलाचे नाव लेवी असेच असल्यामुळे आम्हीही तेच वापरतो.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात बुटेनहाइम नावाचे खेडे आहे. तेथे २६ फेब्रुवारी १८२९ रोजी एका यहूदी कुटुंबात ह्या पुरुषाचा जन्म झाला. घरी त्यांस लोब म्हणत. वडील हिर्श स्ट्राउस हे पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव कापडचोपड विकीत फिरत. आई रिबेका ही त्यांची दुसरी पत्नी. पहिल्या पत्नीची मुले वयाने बरीच मोठी होती. कष्टाची भाकर मिळत होती, पण त्या भूमीत यहूदी माणसाच्या पायांत कायद्याची बेडी होती. १८१३ च्या राजाज्ञेप्रमाणे कोणत्या गावी किती यहूदी कुटुंबे राहावीत हे ठरवून दिलेले असे. सरकारी नोंदवहीत क्रमांक मिळाल्यावाचून यहूदी तरुणास लग्न करून घर मांडता येत नसे, आणि कोणी मेला अगर देशांतरास गेला तरच असा क्रमांक मोकळा होई. मग तरुणांनी अमेरिकेची वाट धरली ह्यात नवल ते काय? सावत्र भाऊ जोनास व लुई हे आधीच न्यू यॉर्क शहरी गेले होते. १८४६ साली हिर्श क्षयाने वारले. पुढील वर्षी रिबेकाबाई आपल्या दोन मुली व अठरा वर्षांचा लोब ह्यांस घेऊन समुद्रापार झाल्या.

न्यू यॉर्कला भावांचे कापडाचे घाऊक दुकान होते. लोब तेथे धंदा शिकला, व लोबचा लेवी झाला. त्या वर्षांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. १८५३ च्या जानेवारीत त्यांस अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, आणि लागलीच भावांच्या पेढीची शाखा काढण्यासाठी ते कॅलिफोर्नियास निघाले.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले होते. दुसऱ्याच वर्षापासून जगाच्या पाठीवरील सर्व जातींचे लोक तिकडे धावत सुटले. पूर्व किनाऱ्यावरून तेथे जाण्याचा जलद मार्ग पनामावरून होता. पनामाचा लोहमार्ग १८५५ साली पुरा झाला. तत्पूर्वी प्रवाशास होडीतून व खेचराच्या पाठीवरून, तापाने भरलेल्या अरण्यातून भूमिखंड ओलांडून दुसऱ्या समुद्रावर पुन्हा आगबोट धरावी लागे. ह्याच वाटेने लेवी १८५३ च्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचले.

येथे एक प्रसिद्ध आख्यायिका आहे, व ती आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीही कोठे ना कोठे वाचली असेल. लेवी खाणवाल्यांस तंबूचे कापड विकण्यास गेले. तंबू कोणास नको होते. एका खाणवाल्याने टिकाऊ विजार मिळत नसल्याचे रडगाणे गाइले. लेवींनी तत्काळ तंबूच्या कापडाच्या विजारी शिवविल्या, आणि जीन्स जन्मास आली. गोष्ट गोड आहे, परंतु खरी नाही. ज्या विजारीने त्यांचे नाव झाले ती ह्यानंतर वीस वर्षांनी निघाली, व तिची युक्ती त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत पेढीचे जुने दप्तर जळून गेले. जेथे कागद उरत नाहीत तेथे गोष्टी उगवतात, त्यातलाच हा प्रकार.

खरी हकीकत साधी आहे. लेवी हे घाऊक व्यापारी होते. न्यू यॉर्कच्या भावांकडून गलबतांतून माल येई: कापड, कांबळी, सदरे, रुमाल, दोरा. तो माल ते डोंगराळ प्रदेशातील लहान दुकानदारांस विकीत. पुढे त्यांची बहीण फॅनी व तिचे यजमान डेव्हिड स्टर्न हेही येऊन धंद्यास मिळाले. १८६३ साली पेढीस लेवी स्ट्राउस आणि कंपनी हे नाव पडले. १८६६ पासून तिचे मुख्य ठाणे बॅटरी रस्त्यावर होते. लेवींनी लग्न केले नाही. बहिणीच्या कुटुंबातच ते राहिले, व तिचे पुत्र हेच त्यांचे पुत्र झाले. आपल्या नोकरांनी आपणांस आडनावाने न संबोधता नुसते लेवी म्हणावे असा त्यांचा आग्रह असे. शहरात त्यांची पत होती, शब्दास मोल होते. ते एवढेच करून थांबते तर त्यांची एक प्रामाणिक सधन व्यापारी म्हणून गणना झाली असती, आणि आज त्यांचे नाव कोणास ठाऊकही नसते.

आता आम्हांस वाचकांस दुसऱ्या एका माणसाकडे न्यावयाचे आहे.

जेकब डेव्हिस हा यहूदी शिंपी १८३१ साली रीगा येथे जन्मला. ते शहर तेव्हा रशियाच्या राज्यात होते. त्याचे मूळ आडनाव यूफेस. १८५४ साली तो अमेरिकेस आला. अनेक गावे फिरून, अनेक धंद्यांत हात पोळून, तो नेवाडा प्रांतातील रीनो ह्या लोहमार्गावरील नव्या गावी स्थिरावला. तो कल्पक होता; वाफेवर चालणाऱ्या होडीचे व खनिज फोडण्याच्या यंत्राचे अशी दोन पेटंटे त्याने घेतली होती. त्यांतून पैसा मात्र आला नाही, उलट घरचाच गेला. रीनोस तो तंबू, गाड्यांवरील आच्छादने व घोड्यांच्या झुली शिवी. त्यास लागणारे डक नावाचे जाड पांढरे कापड सॅन फ्रान्सिस्कोहून लेवी स्ट्राउस ह्यांच्या पेढीकडून येई. झुलींचे पट्टे पक्के बसविण्यासाठी तो तांब्याचे लहान रिवेट ठोकीत असे.

१८७० सालच्या अखेरीच्या सुमारास एक बाई त्याच्या दुकानी आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. तो अंगाने फार मोठा असल्यामुळे तयार कपडा त्यास होत नसे. शिवाय जलोदराने आजारी असल्यामुळे माप देण्यास त्यास येता येत नव्हते. बाईस एक विजार हवी होती, व ती शक्य तितकी मजबूत हवी होती, कारण तिचा नवरा दरवेळी विजारीचे मातेरे करी. डेव्हिसने तिला घरून दोरीने माप आणावयास सांगितले. बाईने नवऱ्याच्या अंगाभोवती दोरी धरून तिला गाठी मारल्या व ती दोरी आणून दिली. तिने तीन डॉलर आगाऊ दिले. अशा प्रकारे, गिऱ्हाइकाचे तोंडही न पाहता, गाठी मारलेल्या दोरीवरून डेव्हिसने पांढऱ्या डकाची विजार बेतली व शिवली. विजार शिवून झाली तेव्हा मेजावर झुलींचे रिवेट पडले होते. खिसे नेहमी कोपऱ्यातच उसवतात, तर तेथे एकेक रिवेट ठोकून पाहावा, असे त्याच्या मनात आले. व त्याने ते ठोकले. ह्यात त्यास विशेष काही केलेसे वाटले नाही. ही सारी हकीकत त्याने स्वतःच पुढे १८७४ साली एका खटल्यात शपथेवर सांगितली, म्हणून ती आज आपणांस कळते.

खिसा कोपऱ्यातच का फाटतो ह्याचा आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर विचार करावा. हात आत जातो तेव्हा खिशाचे तोंड ताणले जाते. मधले कापड थोडे पुढे येऊन तो ताण सहन करते. परंतु दोन्ही टोकांशी कापड शिवणीने जखडलेले असल्यामुळे सारा ओढा शेवटच्या एकदोन टाक्यांवर येऊन पडतो. तो टाका तुटला की ओढा पुढच्या टाक्यावर जातो, तो तुटला की त्याच्या पुढच्यावर. एक टाका तुटला म्हणजे शिवण गेलीच म्हणून समजावे. रिवेटाची दोन्ही बाजूंची चपटी टोके कापडाचे थर घट्ट दाबून धरतात, आणि ओढा एका दोऱ्यावर न पडता टोकांखालच्या साऱ्या कापडावर वाटला जातो. युक्ती एवढीच. परंतु मोठमोठ्या दुकानदारांस ती सुचली नव्हती, व एका गरीब बाईच्या गाऱ्हाण्याने एका शिंप्यास सुचली.

लाकूडतोड्याची विजार टिकली. गाडीवानांनी ती पाहिली, जमीन मोजणाऱ्यांनी पाहिली, आणि मागणी सुरू झाली. दीड वर्षात डेव्हिसने सुमारे दोनशे विजारी विकल्या. डकाची तीन डॉलरला, निळ्या डेनिमची अडीच डॉलरला. आता त्यास निराळी चिंता लागली. शेजारचे शिंपी पाहत होते; पेटंट न घेतल्यास ही युक्ती लवकरच सर्वांची होणार होती. पण पेटंटास ६८ डॉलर खर्च, आणि आधीच्या दोन पेटंटांचा अनुभव डोळ्यांपुढे असलेली त्याची पत्नी आणखी एक पैसाही त्या वाटेने जाऊ देण्यास तयार नव्हती. आम्हांस त्या माउलीचा मुळीच राग येत नाही. तेव्हा १८७२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसने आपल्या कापडाच्या पेढीस पत्र लिहिले व सोबत नमुन्याच्या दोन विजारी धाडल्या. त्याचे इंग्रजी अगदीच कच्चे होते, अक्षरलेखन तर आमच्या पाचवीतील विद्यार्थ्यांसही हसू येईल असे. परंतु मागणे स्पष्ट होते. पेढीने खर्च करावा. शोध माझा असल्याने पेटंट माझ्या नावे घ्यावे. आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील प्रांतांत ह्या मालाच्या विक्रीचा अर्धा हक्क पेढीने घ्यावा.

येथे लेवी स्ट्राउस ह्यांची खरी परीक्षा झाली, असे आमचे मत आहे. आपल्या उधारीच्या खात्यावरील एक लहान शिंपी मोडक्यातोडक्या भाषेत काही लिहितो. ते पत्र टोपलीत टाकणे सोपे होते. त्याहूनही सोपे होते ते म्हणजे नमुना ठेवून घेणे, दुसऱ्या शिंप्याकडून तशाच विजारी शिववून घेणे, व उत्तर न देणे. रिवेट काही गुप्त विद्या नव्हे. परंतु पेढीने पत्राचे मोल ओळखले व डेव्हिसशी रीतसर करार केला. काही महिने पेटंट कचेरीशी लिखापढी होऊन, अर्जात दुरुस्त्या होऊन, २० मे १८७३ रोजी १३९१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यात शोध लावणारा म्हणून जेकब डेव्हिस ह्याचे नाव आहे; हक्क त्याचा व पेढीचा मिळून आहे. लेवींनी आपले नाव शोधकाच्या जागी घातले नाही. पुढे जगाने ते घातले, हा जगाचा दोष होय.

डेव्हिस बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस आला व विजारी तयार करण्याचे सर्व काम त्याच्या देखरेखीखाली सुरू झाले. २ जून १८७३ पासून विक्री सुरू झाली. प्रथम कापड बेतून ते शिवणाऱ्या बायकांच्या घरी दिले जाई. मागणी वाढली तसा कारखाना निघाला. डेनिम कापड न्यू हॅम्पशर प्रांतातील मँचेस्टर गावच्या अमॉस्केग गिरणीतून येई. तांब्याच्या रिवेटांस शोभावा म्हणून शिवणीस नारिंगी दोरा वापरीत. १८८६ पासून कंबरेवर चामड्याची एक चकती लावू लागले. तिच्यावर दोन घोडे एका विजारीस दोन दिशांस ओढीत आहेत, व विजार फाटत नाही, असे चित्र होते. ज्यास इंग्रजी वाचता येत नसे तोही दुकानात जाऊन दोन घोड्यांचा माल मागे.

आता ह्या कापडाविषयी दोन शब्द. त्यात आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून, व जीन हे जिनोआ शहरावरून आले असे विद्वान सांगतात. पण कामकऱ्यांच्या जाड निळ्या कापडास इंग्रजीत आणखी एक नाव आहे. आपल्या गिरण्यांतील व रेल्वेच्या कारखान्यांतील कामगार त्यावरूनच आपल्या पोशाखास डांगरी म्हणत आले. तो शब्द मुंबईतील डोंगरीचा. तेथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड गोऱ्या व्यापाऱ्यांनी व खलाशांनी नेले, व गावाचे नाव कापडास चिकटले. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे सुट्टीत मुंबईस मामाकडे जातात, त्यांनी सँडहर्स्ट रोडच्या स्टेशनावर उतरून पाहिल्यास एका जगप्रसिद्ध शब्दाचे जन्मस्थान त्यांच्यासमोर असते.

डेनिममध्ये ताण्याचे धागे निळीत रंगविलेले व बाण्याचे पांढरे असतात. बाणा ताण्याच्या एका धाग्यावरून व तिहींखालून जातो, आणि दर ओळीस एक घर सरकतो; म्हणून कापडावर तिरप्या रेघा दिसतात, बाहेरून निळे व आतून पांढुरके दिसते. घासणीचा मार मुख्यतः बाहेरच्या दाट ताण्यास बसतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, वरवर बसते. त्यामुळे जेथे कापड झिजते तेथे पांढरे दिसू लागते. खाणवाल्याच्या विजारीवर अशी पांढरी जागा दिसली की त्याने तेथे किती दिवस गुडघा टेकला हे कळत असे. आज कारखान्यांत नव्या विजारी ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर यंत्रात घोळून तोच पांढरेपणा आणतात. कापडाच्या आयुष्याची काही वर्षे दुकानात येण्यापूर्वीच अशी खर्ची पडतात, व ग्राहक त्याचेही दाम मोजतो.

आणि अंगास नीट बसण्याचे काय? त्या पहिल्या विजारींस पट्टा अडकविण्याची घरे नव्हती. ती १९२२ साली आली. कंबरेवर गॅलिस लावण्याच्या गुंड्या असत, व मागे आवळण्याचा एक लहान पट्टा असे. सैल विजार ज्याने त्याने आपल्या अंगाप्रमाणे आवळावी. शिवाय कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटे, दहा बोटांस एक बोट तरी कमी होई. म्हणून जाणता गिऱ्हाईक लांबीस व कंबरेस वाढती विजार घेई, ती भिजवी, आणि आटू देई. आपल्याकडील आया मुलास वाढत्या अंगाचे कपडे घेतात. तेथे अंग तेवढेच राही, कपडाच लहान होई. सॅनफर्ड क्लुएट ह्या गृहस्थांनी कापड यंत्राने आधीच आटविण्याची रीत काढली व १९३० साली तिचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही कटकट बरीच कमी झाली.

ह्यावरून पालकांनी दुकानात काय पाहावे हेही येथेच सांगून टाकतो, म्हणजे जूनमधील आमची पंचाईत थोडी टळेल. विजार प्रथम उलटी करून पाहावी. बाहेरची बाजू दुकानदारासाठी असते, आतली आपल्यासाठी. दोन्ही पाय जेथे मिळतात तेथील शिवण दुहेरी व दुमडून घेतलेली आहे की नाही, टाके बारीक व दाट आहेत की नाहीत, खिशाची पिशवी पातळ चिंधीची तर नाही, हे बोटांनी चाचपावे. कापड हातात घेऊन वजन पाहावे. व्यापारी एका चौरस याराचे वजन औंसांत मोजतात, आणि रोजच्या कष्टास दहा औंसांहून हलके डेनिम फारसे उपयोगी नाही. ज्यात रबरासारखा ताणला जाणारा धागा पुष्कळ आहे ती विजार पहिल्या दिवशी फार सुरेख बसते, पण उष्ण पाण्याने व कडक उन्हाने तो धागा मरतो व गुडघ्यांस पोंगे येतात. मुलास दुकानात नुसते उभे करून पाहू नये, उकिडवे बसवावे. बसताना जी मांडीस व बैठकीस आवळते ती तेथेच फाटणार. धुताना उलटी करून थंड पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी. पहिला टाका सुटताच शिवावी. दुसऱ्याची वाट पाहू नये.

असो. पुन्हा चरित्राकडे वळू.

पेढी भराभर वाढली. १८७४ साली डेव्हिड स्टर्न वारले. भाचे मोठे होऊन कारभारात आले. १८७५ साली लेवींनी इतरांसह एक लोकरीची गिरणी विकत घेतली. बँकांच्या, विमा कंपनीच्या, वायुदीप कंपनीच्या कार्यकारी मंडळांवर त्यांची निवड झाली. सारे कसे उत्तम चालले होते. पण चरित्र लिहिणाराने गुणांबरोबर उणेही सांगावे, नाहीतर ते चरित्र नव्हे, जाहिरात होय.

त्या काळी कॅलिफोर्नियात चिनी मजूर पुष्कळ होते. लोहमार्ग त्यांनी घातले, खाणी खणल्या. मंदीचे दिवस येताच गोऱ्या मजुरांचा रोष त्यांच्यावर वळला. दंगे झाले, आणि १८८२ साली चिनी मजुरांस देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला. त्या वर्षांत लेवी स्ट्राउस ह्यांच्या पेढीने चिनी कामकरी न ठेवण्याचे धोरण धरले व आपला माल केवळ गोऱ्या कामगारांच्या हातचा आहे अशी जाहिरात केली. पुढे ते धोरण पेढीने सोडून दिले. पण ज्या माणसाच्या भावांस नोंदवहीत क्रमांक नाही म्हणून जन्मभूमी सोडावी लागली, त्याच्याच पेढीने दुसऱ्या एका लोकसमूहास दार लावावे, ह्याचे आम्हांस फार वाईट वाटते. शहरातील इतर व्यापारीही तेच करीत होते हे खरे; त्याने आमचे वाईट वाटणे कमी होत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका ओसाड खाणीत त्या काळची एक विजार सापडली, व २०२२ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिको प्रांतात लिलावात ७६ हजार डॉलरच्या बोलीस गेली. सव्वाशेहून अधिक वर्षे मातीत राहूनही ती अंगावर घालण्याजोगी होती. तिच्या खिशाच्या आत गोऱ्या मजुरांची ती ओळ छापलेली आहे, व तीही अद्यापि वाचता येते.

पेटंटाची मुदत १८९० साली संपली. आता कोणासही रिवेट ठोकण्याची मोकळीक झाली, व पुष्कळांनी ते ठोकले. त्याच सुमारास पेढीने आपल्या सर्वोत्तम विजारीस ५०१ हा क्रमांक दिला. तो आजही चालू आहे.

दानधर्माच्या बाबतीत लेवींचा हात लहानपणापासून, म्हणजे धंद्याच्या लहानपणापासून, सढळ होता. सॅन फ्रान्सिस्कोस येऊन वर्ष झाले न झाले तोच १८५४ साली त्यांनी एका अनाथालयास पाच डॉलर दिल्याची नोंद आहे. १८९७ साली त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठास २८ शिष्यवृत्त्यांसाठी निधी दिला. प्रांताच्या सात मतदार विभागांतून प्रत्येकी चार विद्यार्थी. त्या शिष्यवृत्त्या अजून दिल्या जातात. ज्यांना घरची फी भरताना ओढाताण होते त्या आमच्या विद्यार्थ्यांस ह्या देणगीची थोरवी अधिक सांगावयास नको.

२६ सप्टेंबर १९०२, शुक्रवार, ह्या दिवशी रात्री आपल्या राहत्या घरी, वयाच्या ७३ व्या वर्षी, लेवी स्ट्राउस ह्यांचे देहावसान झाले. अंत्यविधीच्या वेळी शहरातील व्यापाऱ्यांनी आपली दुकाने बंद ठेवली. त्यांची मालमत्ता सुमारे ६० लक्ष डॉलरची होती. पेढी भाच्यांस गेली. मृत्युपत्रात यहूदी अनाथालयास जशी रक्कम ठेविली होती तशीच रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट अनाथालयांसही ठेविली होती. बुटेनहाइममधील त्यांचे जन्मघर आज संग्रहालय झाले आहे.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात व आगीत बॅटरी रस्त्यावरील इमारत भस्मसात झाली. भाच्यांनी नोकरांचे पगार चालू ठेवले व त्याच वर्षी नवा कारखाना बांधला. विजारीतही काळानुसार फेरफार होत गेले. मागच्या खिशांचे रिवेट घोड्यांच्या खोगिरांस व घरातील खुर्च्यांस ओरखडे काढीत, म्हणून १९३७ साली ते कापडाखाली झाकले, व १९६६ साली काढूनच टाकले. त्यांच्या जागी दाट टाक्यांची गाठ आली. पुढच्या खिशांचे मात्र आहेत तेथेच आहेत. आमच्या वाचकांपैकी ज्याच्या अंगावर आज जीन्स असेल त्याने हात लावून पाहावा. ती कोणत्याही कारखान्याची असो, लाकूडतोड्याच्या बायकोसाठी ठोकलेला तो रिवेट बहुधा तेथे सापडेल.

जेकब डेव्हिस १९०८ साली वारला. तोपर्यंत त्याचा मुलगा सायमन कारखान्यात कामास लागला होता. सायमनचा मुलगा बेन ह्याने १९३५ साली सॅन फ्रान्सिस्कोतच कामकऱ्यांचे कपडे करण्याचा स्वतंत्र धंदा काढला, आणि त्यास बेन डेव्हिस हेच नाव दिले. त्या कपड्यांवर एका हसऱ्या गोरिलाचे चित्र असते.